भावाला समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. टीडीसीएसने (डोक्याला हलका करंट देण्याच्या उपचाराने) फरक पडेल का?

वारज्याची_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. पहिली सात-आठ वर्षं कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. मग डॉक्टरांनी क्लोझापीन हे औषध सुरू केलं. त्या औषधासाठी सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला नेत होतो, आता महिन्यातून एकदा नेतो. त्याला कानात ऐकू येणारे भासाचे आवाज जवळजवळ थांबलेत. झोप लागते. सकाळी अंथरुणाची घडी घालतो, बाबांचं अडलेलं शब्दकोडं पूर्ण करून देतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झाला की बरा.

पण एक गोष्ट मागे राहिली आहे आणि आता तीच रोज आडवी येते. त्याला माणसाचा चेहरा कळत नाही. ओळख पटते, हा काका, ही मावशी, त्यात काही चूक नाही. त्या काकाच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळत नाही.

गेल्या महिन्यातलं सांगते. आई खाली बसून मेथी निवडत होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा चष्मा बदलायचा राहिलाय, त्यामुळे ती डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून एकेक काडी बघते. हा स्वयंपाकघराच्या दारात आला, थोडा वेळ उभा राहिला आणि मागे फिरला. दुपारी ताट वाढलं तर जेवायला येईना. संध्याकाळी मला हळूच विचारतो, "ताई, आई माझ्यावर का चिडलीये?" आई चिडली नव्हती हो. मेथीत गवत आलं होतं, ते ती वेगळं करत होती.

बसमध्येही तेच. वारजे माळवाडीहून डेक्कनला निघाला होता. कंडक्टरला ५०० ची नोट दिली. सुट्टे मोजताना कंडक्टरचं तोंड जसं होतं तसं झालं असणार. हा कर्वे पुतळ्यालाच उतरला आणि उन्हातून चालत घरी आला. ५०० च्या नोटेचे उरलेले पैसेही घेतले नाहीत. नारायण पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात काम मिळालं होतं, मालक अगदी गरीब स्वभावाचा माणूस. तीन आठवड्यांत सोडलं, कारण "ते सारखे रागावलेले असतात."

उलटंही होतं. माझी सहा वर्षांची मुलगी सोसायटीच्या फाटकाशी कुत्रा अंगावर आल्यावर थिजून उभी राहिली होती. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. हा तिच्या शेजारीच होता आणि म्हणतोय, "बघ, केवढा मोठा आहे ना!" त्याला वाटलं तिला नवल वाटतंय. मी धावत जाऊन तिला उचललं. रात्री त्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो किती तरी वेळ हाताची बोटं मोडत बसला होता.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे लॅपटॉपवर चेहरे दाखवले, आपल्यासारखेच भारतीय चेहरे होते, आणि प्रत्येकाचा भाव विचारला. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. हसरा चेहरा आला की फटकन सांगायचा, "आनंद." घाबरलेल्या बाईला "आश्चर्य" म्हणाला, दोनदा. आणि ज्या चेहऱ्यावर काहीच भाव नव्हता, नुसता बघणारा माणूस, त्याला "राग." त्या क्षणी मला मेथी, कंडक्टर आणि दुकानाचे मालक तिघंही एकदम कळले.

आता खरा प्रश्न. शहरातल्या एका क्लिनिकची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. फोन केला तर म्हणाले, टीडीसीएसची ३० सिटिंग, ४५,००० रुपये, "भावना ओळखण्याची क्षमता वाढते." भावाला न बघताच सांगितलं. आई म्हणते, पुन्हा शॉक नको (त्याला आजाराच्या सुरुवातीला ईसीटी, म्हणजे विजेचे शॉक, दिली होती). बाबा म्हणतात, पैशाकडे बघू नकोस. हा उपचार कोणी घेतलाय का? या एका गोष्टीसाठी, चेहरे कळण्यासाठी, त्याचा खरंच उपयोग होतो का?

हडपसरचा_शुभंकर

ताई, माझ्या बायकोला टीडीसीएस दिलं आहे. चेहऱ्यांसाठी नव्हे, आवाजांसाठी. दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही आवाज थांबत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी सुचवलं.

आधी आईंची भीती काढा. हा शॉक नाही. ईसीटीत भूल देऊन साधारण ८०० मिलिअँपिअरचा करंट देतात आणि मेंदूत मुद्दाम फिट आणतात. यात २ मिलिअँपिअर असतो, फिट येत नाही, भूल नाही, माणूस जागा असतो. माझी बायको त्या वीस मिनिटांत स्वेटर विणायची.

होतं काय ते सांगतो. पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी शिंप्याकडे असते तशी टेप घेतली. नाकाच्या वरच्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजलं आणि स्केचपेनने टाळूवर खुणा केल्या. एक खूण डाव्या बाजूला कपाळाच्या वर, दुसरी डाव्या कानाच्या वर थोडी मागे. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजच्या चौकोनी पिशव्या, आत रबराच्या पट्ट्या, आणि वरून रबरी पट्टा. पाणी कानामागून मानेत ओघळतं, टॉवेल न्या. सुरू झालं की मुंग्या येतात, थोडी खाज येते, मग जाणवेनासं होतं. काढल्यावर कातडीवर लाल चौकोन दिसतो, तासाभरात जातो.

दिवसातून दोनदा, मध्ये तीन तासांहून जास्त अंतर, असे पाच दिवस. हडपसरहून दोनदा येणं-जाणं जमेना, म्हणून मधला वेळ आम्ही हॉस्पिटलच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली डबा खाऊन काढायचो. खरं सांगू? लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघं शांत बसलोच नव्हतो.

आवाज कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. साधारण चार महिन्यांनी पुन्हा वाढले तेव्हा परत एक फेरी केली. चेहरे ओळखण्याबद्दल मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. पण तुमची मेथीची गोष्ट वाचल्यावर बऱ्याच गोष्टी डोळ्यांसमोरून गेल्या. मी दमून कामावरून आलो की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मला वाटायचं, हिला माझं काही पडलेलं नाही.

पुणेरी_४११०३८

असलं यंत्र ऑनलाइन मिळतं की. घरी लावता येणार नाही का? ४५ हजार वाचतील.

सायकॉलॉजिस्ट_कोथरूड

@पुणेरी, कृपया नको. खूण दोन बोटं सरकली किंवा वायरी उलट लागल्या तर परिणाम वेगळा होतो. ज्या टोकाखाली मेंदूचा भाग जास्त तरतरीत व्हायला हवा तिथे उलटं होऊ शकतं. स्पंज सुकला तर कातडी भाजते. ज्याला आधीच वाटतं की कोणीतरी आपल्या डोक्याशी खेळतंय, त्याच्या डोक्याला घरच्यांनी वायरी जोडायच्या, याचा त्याच्या मनावर काय परिणाम होईल त्याचाही विचार करा.

वारज्याच्या ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्यापुरता निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे टिपलंय ते पाठ्यपुस्तकात छापावं इतकं अचूक आहे. आनंद ओळखता येतो, भीती सगळ्यात जास्त चुकते, आणि कोरा चेहरा रागीट वाटतो. स्किझोफ्रेनियात नेमकं हेच दिसतं. हे आजाराच्या पहिल्या झटक्यातही असतं, आणि आवाज व संशय औषधांनी आटोक्यात आले तरी बऱ्याच जणांत उरतं. तो दुर्लक्ष करत नाही. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी पाहिलं तर आपली नजर समोरच्याचे डोळे, नाक, तोंड या त्रिकोणात फिरत असते. या आजारात ती कमी फिरते, एका जागी जास्त थांबते आणि डोळे-तोंड बरेचदा सुटून जातात. ज्या जागी मजकूर आहे तीच जागा वाचायची राहते.

तुम्ही पाहिलेली चाचणी बहुधा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तयार झालेली 'ट्रेण्ड्स' असावी. आधी सगळीकडे १९७६ ची एकमन आणि फ्रीजन या मानसशास्त्रज्ञांची परदेशी चेहऱ्यांची चित्रं वापरायचे. निम्हान्सच्या लोकांनी भारतीय कलाकारांचे चेहरे घेतले, स्थिर चित्रांबरोबर हलते तुकडेही ठेवले. भावाचे गुण लिहून मागून घ्या. पुढे काहीही उपचार केला तरी तुलनेला ते लागतील.

आता करंटचं. चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो अमिग्डला मेंदूत खोलवर असतो, आणि चेहरे ओळखणारा भाग मेंदूच्या खालच्या अंगाला. डोक्यावर ठेवलेला स्पंज तिथे थेट पोचत नाही. म्हणून कपाळामागच्या पुढच्या भागाला चेतना देतात, कारण तो खोलातल्या भागांवर लगाम ठेवतो. कल्पना अशी की लगाम धरणारा सावध झाला तर खालचं कामही सुधारेल.

याला थोडा आधार आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या गटाने २०१४ मध्ये ३६ रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात टीडीसीएस नव्हतं, आरटीएमएस होतं, म्हणजे डोक्याला कॉइल टेकवून चुंबकीय ठोके, डाव्या पुढच्या भागावर, सेकंदाला १०. ज्यांना खरे ठोके मिळाले त्यांची भाव ओळखण्याची अचूकता खोटे ठोके मिळालेल्यांपेक्षा जास्त वाढली. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने टीडीसीएसची एकच बैठक देऊन पाहिली, २० मिनिटं, २ मिलिअँपिअर, पुन्हा ३६ रुग्ण, १२-१२ चे तीन गट. सामाजिक समजेच्या चार चाचण्या घेतल्या, त्यातल्या फक्त एकीत फरक दिसला, आणि ती चेहऱ्यावरचा भाव ओळखण्याचीच होती. हे वाचून मलाही तेव्हा हुरूप आला होता. पण १२ माणसांचा गट म्हणजे किती? पुढच्या अभ्यासांत निकाल कधी असा, कधी तसा आला आहे.

खोटा करंट म्हणजे काय तेही सांगते, कारण इथेच जाहिराती फसवतात. यंत्र सुरू करून अर्ध्या-एक मिनिटात बंद करतात. मुंग्या येतात, लाल चौकोन उमटतो, माणसाला वाटतं उपचार चाललाय. त्या गटातही काही जण सुधारतात, कारण रोज कोणीतरी आपुलकीने विचारपूस करतं, आणि चाचणी दुसऱ्यांदा देताना हात बसलेला असतो. या सुधारणेहून जास्त जेवढं मिळेल तेवढंच करंटचं श्रेय.

एक वेगळी गोष्ट. २०२० मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी १०० रुग्णांवर टीडीसीएसचा मोठा अभ्यास छापला, पाच दिवसांत दहा बैठका, आणि त्यात चांगला फायदा दिसला. क्लिनिकवाले बहुतेक त्याचाच दाखला देतील. पण तो फायदा बोलणं आटणं, कशातच रस न वाटणं अशा लक्षणांवरचा आहे. चेहरे वाचण्याचा तो पुरावा नव्हे.

म्हणून माझं स्पष्ट मत: रुग्णाला न बघता, चाचणी न घेता, फोनवर ३० बैठका विकणाऱ्याकडे जाऊ नका. ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यात एवढ्या बैठका नव्हत्याच. एखाद्या शिक्षण-रुग्णालयात यावर संशोधन चालू असेल आणि भावाची स्वतःची इच्छा असेल तर जरूर विचारा. नोंदणी झालेल्या संशोधनात रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेत नाहीत, लेखी संमती घेतात आणि मधेच सोडायची मुभा असते. आणि कोणी आरटीएमएस सुचवलं तर क्लोझापीनचं आधी सांगा. क्लोझापीनने फिट येण्याची शक्यता वाढते आणि आरटीएमएसमध्येही क्वचित फिट येते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर आरटीएमएस नाहीच.

त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. ड्युसेलडॉर्फच्याच लोकांनी भाव ओळखायला शिकवण्याची पद्धत बसवली आहे. त्यात चेहरा तुकड्यातुकड्याने बघायला शिकवतात. भुवया वर की खाली, त्या मध्ये जवळ आल्यात का, डोळ्यांचं पांढरं किती दिसतंय, ओठ ताणलेत की सैल, आणि हे सगळं तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं. भीती आणि आश्चर्य दोन्हींत डोळे मोठे होतात, पण भीतीत भुवया जवळ येतात आणि ओठ आडवे ताणले जातात. आश्चर्यात जबडा सैल सुटतो. हे शिकता येतं. माझ्याकडचे एक गृहस्थ मालिका आवाज बंद करून बघतात आणि बायकोबरोबर पडताळून घेतात. निम्हान्सच्या २०११ च्या एका अभ्यासात औषधांबरोबर योगासनं करणाऱ्या गटाची भाव ओळखण्याची क्षमताही सुधारली होती. तेही भावाला आवडत असेल तरच.

पुणेरी_४११०३८

मॅडम, माफ करा. माहीत नव्हतं म्हणून लिहिलं. यंत्राचा विषय माझ्याकडून संपला.

मी_शुभार्थी

मला २००९ पासून स्किझोफ्रेनिया आहे. सिंहगड रोडला राहतो, अर्धा दिवस नोकरी करतो. इथे सहसा वाचतो, लिहीत नाही.

ताई, तुमच्या भावाला काय होत असेल ते माझ्या अनुभवावरून सांगतो. मला चेहरा दिसतो. पण तो काय म्हणतोय ते कळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो बदललेला असतो. मग मी अंदाज करतो, आणि माझा अंदाज नेहमी वाईटाकडेच जातो, कारण आजारी असताना इतकी वर्षं सगळे माझ्या वाईटावर आहेत असंच वाटलं होतं. म्हणून मी खाली बघायचो. खाली बघितलं की चेहरा आणखीच कळत नाही.

मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात जायला लागलो. तिथे समोरच्याला सरळ विचारायची सवय लागली: "तुम्ही रागावलात का?" पहिल्यांदा विचारताना घशाला कोरड पडली होती. समोरच्या काकांनी सांगितलं, "नाही रे, गुडघा दुखतोय." दुसरं म्हणजे वहिनी. ती घरात आली की आधी तोंडाने सांगते. "आज दमलेय, तुझ्यावर रागावलेले नाही." एवढं एकच वाक्य. ती ते सहा वर्षं रोज म्हणतेय.

करंट घ्यायचा की नाही ते मला कळत नाही. पण ठरवताना भावाला खोलीबाहेर बसवून ठरवू नका. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात ते आहे. तो काय म्हणतो ते नाही.

वारज्याची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी_शुभार्थी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी फोन ठेवला आणि त्याच्या खोलीत गेले. खरंच विचारलं नव्हतं. पूर्ण धागा त्याला वाचायला दिला. तो सावकाश वाचतो, तासभर लागला. म्हणाला, करंटची भीती वाटत नाही, पण ३० वेळा अनोळखी ठिकाणी जायचं आणि तिथल्या लोकांचे चेहरे बघायचे, ते नको. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितलेलं भुवयांचं मात्र त्याने वहीत लिहून घेतलं, आकृती काढून. कुठे संशोधन चालू असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच विचारणार आहे. त्या क्लिनिकला मी नाही म्हणून कळवलं.

आईला दोन दिवस लागले. तिला हे "नाटक केल्यासारखं" वाटत होतं, घरच्या माणसाला काय सांगायचं की मी रागावलेले नाही म्हणून. काल चष्मा करायला लक्ष्मी रोडला गेलो होतो, तो शनिवारी मिळणार आहे. आज सकाळी ती तांदूळ निवडत होती, तशाच आठ्या घालून. हा दारात आला, थांबला. तिने मान वर न करताच सांगितलं, "खडे दिसत नाहीयेत रे मला. ये, बस इथे."

तो बसला. अर्धं ताट त्याने निवडलं.

हडपसरचा_शुभंकर

ताई, आज घरी गेल्यावर मी पण तोंडाने सांगितलं. तिने दार लावलं नाही.